उसवलेला कोपरा

बाई,

तुमची, माझी आणि आपल्या वर्गातल्या साऱ्याच मुलींची एक तक्रार होती. त्या बाजूला मुलं बीजगणित शिकत आणि त्याच तासाला या बाजूला आमच्या हातात क्रोशाची सुई दिली जाई. मध्ये नुसता कुडाचा आडोसा. पलीकडून मास्तरांचा आवाज यायचा, क्ष आणि य, आणि तुम्ही विणता विणता मान तिरकी करून ऐकत राहायचात. एकदा त्या नादात तुमचाच टाका चुकला. "मला पण हे शिकायचं होतं गो," तुम्ही म्हणालात. "सातवी झाले तेव्हा बाबा बोलले, पोरीला एवढा हिशेब कशाला, बाजाराला तर मीच जातो." बाकीच्या मुली हसल्या. मी हसले नाही. मी ते वाक्य उचलून ठेवलं आणि पुढे तुमच्यावरच उगारलं. त्याबद्दल आज लिहायला बसले आहे. आयुष्यभर हजारो माणसांपुढे न अडखळता बोललेली बाई मी, पण ही पहिली चार वाक्यं लिहायला सकाळ गेली.

गेल्या महिन्यात शहापूरच्या एका शाळेने भाषणाला बोलावलं होतं. गुडघे गेले तरी आवाज शाबूत आहे, म्हणून अजून बोलावतात. मुलींनी मान वर करून जगावं, वाट्याला येईल तेवढ्यावर समाधान मानू नये, हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायला तयार नाही. पण त्या दिवशी बोलता बोलता ती जुनी गोष्ट तोंडून निघाली. मंचावर मी क्रोशाचं पांघरूण कसं उसवलं आणि मुलींचा सुईचा तास कसा बंद पाडला, ती. टाळ्या पडल्या. त्या गोष्टीला हमखास पडतात. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "मॅडम, मग त्या बाईंचं काय झालं?" मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

ते पांघरूण मला अजून दिसतं. सरहद्दीवर लढाई सुरू होती त्या वर्षीची थंडी. शहापूरच्या बाजारपेठेतल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. कधी लोकर न धरलेल्या बायकाही विणत होत्या, आणि त्यांचे वाकडेतिकडे गळे तुम्ही बसून सरळ करून देत होता. त्याबद्दल तुम्ही काय मागितलंत, तर उरलेली लोकर. स्वेटरची हिरवट खाकी, आणि सोबत ज्या घरी जे असेल ते. कुणाच्या बाळाच्या टोपड्यातली गुलाबी, कुणाच्या मफलरची पिवळी, कुणाकडची कसर लागलेली जांभळी. बोटभर धागासुद्धा तुम्ही परत केला नाहीत. आम्ही मुली रंगाला रंग शोधत बसलो की तुम्ही ओरडायचात, "लग्नाचा बस्ता काढताय काय गो? हाताला येईल तो रंग घ्या." चौकोन मधल्या कडीपासून सुरू व्हायचा, एकेका रंगाची फेरी घेत वाढायचा, आणि शेवटची फेरी मात्र सगळ्यांची सैनिकांच्या हिरव्या लोकरीची. त्याच फेरीत तो शेजारच्या चौकोनाला जोडला जायचा. पांघरूण कशासाठी होतं ते आम्हा साऱ्यांना ठाऊक होतं. वसतिगृहात तापाची खाट होती. हिवताप तेव्हा आमच्या भागात घरचाच. दर आठवड्याला कुणी ना कुणी मुलगी त्या खाटेवर दात वाजवत पडलेली असे, आणि तिच्यावर घालायला गोणपाट. पाड्यावरून आलेल्या मुलींकडे तर अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरं काही नसायचं. तुम्ही म्हणाला होता, "कापण्यापायी कुणी मरत नाय. पण गोणपाटाखाली कापायला लागलं की पोरीला वाटतं आपलं कोण नाय."

आणि माझं भाषण तुम्हीच बसवून घेत होता. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात मला बोलायचं होतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी पुढे उभी, तुम्ही शेवटच्या बाकावर विणत बसलेल्या. "पाहुण्यांकडे बघून बोलू नकोस, ते जेवूनच येतात. शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे, ती पोर टाकून आलेली असते." आजही मी सभेत उभी राहिले की आधी शेवटची रांग शोधते. मला अलंकार सुचत होते, वसतिगृहाच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झाली होती, आणि तुम्ही सुई नाचवत म्हणत होता, "हे पुस्तकातलं झालं. तुझं बोल." मग मी माझं बोलले, फक्त तुम्हाला आधी न ऐकवता.

मंचाच्या कडेला टेबलावर मुलींचं हस्तकाम मांडलेलं आहे. मधोमध ते पांघरूण, जवळजवळ पुरं झालेलं. एकाच कोपऱ्यातल्या चौकोनाची शेवटची फेरी अर्धी बाकी, आणि सुटू नये म्हणून उघड्या टाक्यात तुम्ही सेफ्टी पिन अडकवलेली. मी बोलते आहे. भिंतीपलीकडचं बीजगणित सांगते, तुमच्या बाबांचा तो हिशेब सांगते, तुमचं नाव न घेता. लोक ऐकू लागलेत, मला ते कळतंय, अंगात काहीतरी चढत चाललंय. मी टेबलाकडे जाते आणि पांघरूण उचलून धरते. "हे बघा आमचं शिक्षण! उरलेल्या वेळात, उरलेल्या लोकरीचं, उरलेल्या माणसांसाठी! आम्हाला उरलंसुरलं नको!" आणि पिन काढून मी धागा ओढते. क्रोशाचं काम किती सहज उसवतं ते मला तुम्हीच शिकवलं होतं. हिरवी फेरी गेली, पिवळी गेली, गुलाबी गेली, सरसर सरसर, आणि लोक हसताहेत, टाळ्या वाजवताहेत. मी शेवटच्या रांगेकडे पाहते. तुम्ही तिथेच आहात, सांगितल्याप्रमाणे. हात मांडीवर. तुम्हाला रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी थांबू शकले असते. बाई, मी मधल्या कडीपर्यंत ओढत गेले.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही वाकून मंचावरची लोकर गोळा करत होता. मी उभी होते, अजून धापा टाकत. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उसवायचंच होतं तर गोळ्यावर घेत उसवायचं गो. बघ, सगळा गुंता करून ठेवलास." मग उभ्या राहून पदर झटकलात आणि म्हणालात, "आवाज पोचला. शेवटपर्यंत पोचला." तेवढंच. तुम्ही मला एक थोबाडीत मारली असती तर मी ती कधीच विसरून गेले असते.

शाळेचं वर्ष संपता संपता त्या खाटेवर मीच होते. दुपारची वेळ, बाकीच्या मुली शाळेत. तुम्ही आलात आणि कोपरा नसलेलं ते पांघरूण माझ्यावर घातलंत. हे मला नंतर इतरांनी सांगितलं. मी झोपेत होते, असंच मी आजवर म्हणत आले.

त्या दिवशीच्या पाहुण्यांना माझं भाषण फार आवडलं होतं. मुलगी बरोबर बोलली, म्हणाले, कशाला हवा हा सुईचा तास. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तास गेला होता आणि त्याबरोबर तुम्हीही. त्या एका तासासाठीच तर तुम्हाला ठेवलं होतं. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि विचारलं, आता बीजगणित कधी? ते म्हणाले, "मुलींना वेगळा मास्तर कुठून आणू?" मी म्हटलं, मुलांच्याच वर्गात बसू. त्यांनी चष्मा चढवून हजेरीपट पुढे ओढला. त्या तासाला वर्षभर आम्ही शाळेची ओटी झाडली आणि माठ भरले. तुम्ही ते अपुरं पांघरूण घेऊन मुरबाडला भावाकडे गेलात असं कळलं. शहापूरहून मुरबाड काही लंकेत नाही. मी गेले नाही.

पुढे मी कॉलेजात गेले, मोर्चांत गेले, गावोगाव बोलू लागले, आणि ती गोष्ट माझ्याबरोबर फिरू लागली. सांगताना तुम्ही दर वेळी थोड्या म्हाताऱ्या होत गेलात, थोड्या जुन्या वळणाच्या. शेवटी तर तुम्ही मुलींच्या हातावर पट्टी मारणारी एक खाष्ट बाई झाला होता. मी तुम्हाला तसं केलं, बाई, कारण तशा बाईचं काम उसवलं की लोक जास्त हसतात. आणि एका उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारात सभा होती. तुमच्या गावात उभी राहून मी तीच गोष्ट सांगितली. शेवटच्या रांगेकडे पाहिलंही, तुम्ही असाल तर दिसाल म्हणून. आणि तरी सांगितली.

सभा पांगल्यावर डोईवर भाजीची पाटी घेतलेली एक बाई पुढे आली. "तुमीच का ती शाहापूरची, बोलनारी?" मी हो म्हटलं. "मी पन लय हसले बगा. मग घरच्या वाटेला लागले न् मधीच ध्यानात आलं, आगो, ही तर आपल्या बायची गोष्ट. तशीच माघारी फिरले." ती तुमची वहिनी होती. तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले होते. हे तिने चालता चालता सांगितलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "चला, चा घ्या. उन्हात किती बोललात, घसा सुकला आसल."

घर दोन खणांचं. चूल पेटवता पेटवता ती बोलत होती, रागाचा लवलेश नाही. "बाय कुनाला मारील? आवो, कोंबडी हाकलायची तर आदी तिला सांगायची, जा गो बाय म्हनून. तुमचं मात्र लय कवतिक. आमची एक पोरगी हाय बोलायची, बोलाय लागली का कवलं हालत्यात." मी पांघरुणाबद्दल विचारलं. "ते कुटं घरात र्‍हातंय? कुनाला थंडीताप आला का नेत्यात. आता पन नेलंय वाडीवर, एका बाळंतिनीला. तुमी चार दिसांनी या, मंग दावते." त्याचा कोपरा? "तसाच हाय, भोकाचा. बायला म्हटलं, घ्या विनून, किती येळ लागतोय. तर नाय. म्हनायची, तो तिच्याकडनं विनून घ्यायचा हाय मला. निघायच्या आदी गेली पन होती तुमच्याकडं, लोकर न् सुई घिऊन. पन पोर तापानं फनफनलेली, हाक मारली तर ओ नाय दिली. म्हनाली, झोपली हुती, कशाला उठवू." मग ती उठली आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली. "न्या तुमी. हितं उंदरं खात्यात."

मी चार दिवसांनी गेले नाही. कधीच गेले नाही. दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या सभेत तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

पिशवी आता माझ्यासमोर आहे. तुमची सुई आहे, ती पिन आहे, आणि गोळ्यावर नीट गुंडाळलेली ती लोकर, हिरवी, मग पिवळी, मग गुलाबी, जशी उसवली तशीच. गुंता तुम्हीच सोडवलात. धाग्याला अजून टाक्यांची वळणं आहेत. मी परवा ती हातात घेतली आणि चौकोन विणायला बसले. पांघरूण कधीच विरून गेलं असेल, वहिनीही नाही, तो चौकोन कुठे जोडायचा हेही मला ठाऊक नाही. तरी बसले. बोटं आखडलेली आहेत. मधली कडीच जमेना, दोनदा केली, दोनदा सुटली. भिंतीपलीकडच्या क्ष आणि य यांच्यासाठी आयुष्यभर भांडले आणि भांडेन. पण तुम्ही जे भिंतीच्या या बाजूला शिकवत होता, ते मी कधी नीट पाहिलंच नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते याच पिशवीत लोकरीखाली राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दुपारी तुम्ही खाटेशी आलात, पांघरूण घातलंत, माझ्या पायांवर ते दोन्ही हातांनी दाबलंत, आणि जिथे कोपरा नव्हता तिथे पदर घालून बसलात. मग हळू आवाजात मला नावाने हाक मारलीत. एकदाच. मी जागी होते, बाई. डोळे मिटून पडले होते, तुम्ही जाईपर्यंत.

आणखी एकदा हाक मारा.