मशीनचं तेल

११ ऑगस्ट, सोमवार

पाच दिवस पाऊस हटलेला नाही. पडदे शिवून तयार आहेत, पण पोचवायचे कसे? हे मात्र रोज निघतात. पिवळा रेनकोट, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या आणि ती बॅटरीची सायकल. लोकांना व्यायाम शिकवायला घरोघर जातात — कुणाचा आखडलेला गुडघा, कुणाचा लुळा पडलेला हात. एकसष्ट पूर्ण झाली, तरी घरी बसायचं नाव नाही.

संध्याकाळी बघते तर सायकलच्या पुढच्या चाकातली ती ब्रेकची चकती तांबूस झालेली! मला गंज बघवत नाही. माझं शिलाई मशीन तीस वर्षांचं आहे, त्यावर एक डाग दाखवा. मऊ फडकं घेतलं, मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब टाकले आणि चकती दोन्ही बाजूंनी पुसून काढली. आरशासारखी चमकायला लागली. ह्यांना सांगितलं नाही. दिसेल तेव्हा दिसेल.

१२ ऑगस्ट

हे पडले. शाळेच्या उतारावर. मांडीचं हाड मोडलंय, खुब्यापाशी. उद्या ऑपरेशन.

१४ ऑगस्ट

ऑपरेशन नीट झालं. आत सळई घातलीय. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांत पूर्वीसारखे होतील, अगदी सायकलसुद्धा चालवतील. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न — पडदे पोचले का? दुसरं काही नाही. मग लेकीने फोनवर विचारलं, बाबा, पडलात कसे? तर म्हणाले, उतारावर वेगात होतो, माझीच चूक.

हे आणि वेगात! लेक ह्यांना लहानपणापासून गोगलगाय म्हणते. पिशवी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या ह्यांना मागे टाकून जातात.

नर्स हसत सांगत होती, तुमचे मिस्टर फार टापटिपीचे बाई. हाड मोडलेलं, तोंड पांढरं पडलेलं, आणि आधी काय मागितलं तर स्पिरिटचा कापूस. उजवा हात घासून घासून पुसला. ‘बायको यायच्या आत स्वच्छ व्हायला हवा’ म्हणाले. रक्त असणार. मी घाबरेन म्हणून.

१८ ऑगस्ट, सोमवार

घरी आणलं. पलंग मशीनच्या खोलीत लावला, म्हणजे शिवता शिवता लक्ष राहील. लेक दोन दिवसांची रजा काढून आलीय.

पेशंट म्हणून माणूस अगदी कुचकामी! लोकांकडून दहा वेळा पाय उचलून घेतात, स्वतः चारला थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी मोजते हे कळलं की पाच.

१९ ऑगस्ट

लेकीने जाता जाता फर्मान काढलं. सायकल विकायची. तिच्या ओळखीचा एक जण घ्यायला तयार आहे, रविवारी एकतीस तारखेला येईल. तोवर दुरुस्त करून ठेवा. ‘या वयात उतारावर वेग? पावसात? बास झालं बाबा आता.’

सायकल गेली म्हणजे ह्यांचं काम गेलं. त्या वरच्या गल्ल्यांत बस जात नाही आणि इतकी घरं पायी होणार नाहीत. मला वाटलं, आता भांडतील. हे फक्त म्हणाले, बरं.

चाळीस वर्षांत असं मुकाट ‘बरं’ मी ऐकलेलं नाही. मला नाही आवडलं ते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज दुरुस्तीला टाकलेली सायकल आणायला गेले. हे लिहायला हात धजत नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवं.

सायकलवाल्याने चाक नवं बसवलंय. जुन्या ब्रेकचे पॅड माझ्यासमोर धरले. काळे, चिकट. म्हणाला, ‘वहिनी, हे बघा. तेल आहे. चकतीलाही होतं. साहेब तर चकतीला बोटसुद्धा लावू देत नाहीत, मग हे तेल कुणी लावलं?’

मी म्हटलं, गंज येऊ नये म्हणून लावत असतील ना? तो हसला. म्हणाला, तो गंज नुसता वरवरचा, दोनदा ब्रेक दाबला की निघून जातो. पण तेल लागलं की पॅड पकडतच नाही. त्यात पाऊस आणि उतार, एकट्या मागच्या ब्रेकने काय होणार? ब्रेक दाबून उपयोग नाही, सायकल सरळ जातच राहणार.

त्याने पुन्हा विचारलं, कुणी लावलं असेल?

मी म्हटलं, काय माहीत.

काय माहीत! माझ्याच हाताने लावलं, आणि काय माहीत!

सायकल ढकलत आणली. बसायची हिंमत झाली नाही.

२३ ऑगस्ट

एका शर्टाचं काम होतं. मशीनला तेल घालायचा दिवस. बाटली हातात घेतली, उघडली, वास आला. परत बंद करून खणात ठेवली.

२५ ऑगस्ट, सोमवार

ह्यांच्या पेशंटांचे फोन. सर कधी येणार? वरच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका — त्यांच्या उजव्या हाताची बोटं आता कुठे हलायला लागली होती. फोनवर रडल्या.

हे पलंगावर बसून कागदांवर चित्रं काढतायत. हात असा, कोपर तसं, किती वेळा. प्रत्येकाचा कागद वेगळा. ते पोचवणार कोण? मीच म्हटलं, मी जाते सायकलवर.

ह्यांनी कागद बाजूला ठेवले. मग शिकवणी सुरू. निघालीस की पहिल्या वीस हातांत दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, रोज, न चुकता. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असले की चुकवायचे, लोखंडी झाकणंसुद्धा. वळणावर ब्रेक नाही, वळणाच्या आधी. डबकं आलं की मोटर बंद करून पायडल मारत जायचं, आणि पाणी चाकाच्या मधोमध पोचेल असं वाटलं तर सरळ उतरायचं, लाजायचं नाही. बॅटरीवर पाणी गेलं तर घरी येऊन कोरड्या फडक्याने पुसायची.

कोरड्या. असं ते दोनदा म्हणाले की मलाच तसं ऐकू आलं, कोण जाणे.

२६ ऑगस्ट

निघाले एकदाची! मुसळधार पाऊस. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटाशी. वीस हातांत ब्रेक दाबले. धरले. पुन्हा दाबले. पुन्हा धरले. तिथेच रडू आलं. पावसात कुणाला दिसतंय.

शाळेच्या उतारावर उतरले आणि सायकल हाताने धरून चालत खाली आले. कठड्याचा रंग एका जागी खरवडलेला आहे. तिथेच. उभी राहून बघत राहिले. मागून एक रिक्षावाला ओरडला, तेव्हा भानावर आले.

त्या बाईंनी कागद भिंतीला चिकटवून घेतला आणि माझ्यासमोर बोटं हलवून दाखवली. तीन हलतात. ‘सरांना सांगा, तिसरं आज हललं.’ म्हणाल्या, तुमचे सर किती हळू येतात हो, गल्लीच्या टोकाला दिसले की मी चहा ठेवते, ते पोचतात तेव्हा चहा उकळलेला असतो.

घरी येऊन तिसऱ्या बोटाचं सांगितलं. इतक्या दिवसांनी हे मनापासून हसले. मग पाय आपणहून दहा वेळा उचलला.

२८ ऑगस्ट

मशीन करकरतंय. दर टाक्याला. ऐकवत नाही, तरी बाटलीला हात लावत नाही. हे तीन हातांवर पडलेले असतात. पेपर वाचतात.

लेकीचा फोन. रविवारी अकरा वाजता माणूस येतोय. मी म्हटलं, अगं, बाबांना विचारू पुन्हा एकदा. ती चिडली. ‘आई, बाबा स्वतःच म्हणाले ना वेगात होते? मग उद्या परत पडले तर?’

तिला काय सांगू? की बाबा वेगात नव्हते, बाबांना त्या दिवशी ब्रेकच नव्हता आणि तो तुझ्या आईने काढून घेतला होता?

हे असं का म्हणाले, तेही कळत नाही. ब्रेक लागला नाही हे माणसाच्या हाताला लगेच कळतं. तरी वेगाचा आळ स्वतःवर. सायकलवाल्याला बोल लागू नये म्हणून असेल. ह्यांचा स्वभावच तसा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी तीन घरं केली. पाऊस आता अंगवळणी पडलाय. पट्टे चुकवते, झाकणं चुकवते. एका डबक्यापाशी सरळ उतरले, लाजले नाही. सायकल चांगली आहे. बिचारीने काही केलं नव्हतं.

मी भित्री आहे, हे आज लिहून टाकते. मोडलेलं हाड चार महिन्यांत जुळेल. पण ह्यांच्या मनात येईल — हिच्यामुळे. ती नजर मला बघायची नाही, म्हणून मी गप्प आहे आणि ह्यांचं सगळं आयुष्य रविवारी अकरा वाजता दुसऱ्याच्या दारात जाणार आहे. त्या बाईंची उरलेली दोन बोटं तशीच राहणार.

उद्या सांगणार. दुपारी, पाय उचलून झाल्यावर. आधी ह्यांना, मग लेकीला.

३० ऑगस्ट, शनिवार

बाहेर पाऊस. मशीन थांबवलं. म्हटलं, अहो, मला काही सांगायचंय.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. ‘अगं, पडलो तेव्हा हात चकतीवर गेला. तीस वर्षं त्या तेलाच्या वासात जेवतोय, ओळखणार नाही का? आणि मीही कुठे त्या दिवशी ब्रेक दाबून बघितले होते.’

नर्सचा तो स्पिरिटचा कापूस! रक्त नव्हतंच ते. मी विचारलं, मग मला कळलंय हे कधी ओळखलंत?

म्हणाले, ‘आठवडाभर मशीन कोरडं चालवतेयस. घाल आता तेल.’

मी तेल घातलं. मग ह्यांनी स्वतःच लेकीला फोन लावला, ‘वेग नव्हता गं, ब्रेकच लागला नव्हता’ म्हणाले आणि उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगायला लावलं.