रागावूनच बोल

प्रिय भोंगूबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. तुझे आजोबा खिडकीशी बसून बटाटे सोलतायत. साल इतकं जाड काढतायत की बटाटा कमी आणि कचरा जास्त, पण मी काही बोलत नाहीये. मला चौथीच्या पुढे कुणी शिकवलं नाही, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर सांभाळून घे. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. ते सांगणारच आहे, पण आधी आनंदाचं बोलू दे, नाहीतर ते राहून जाईल.

तुझा तो नवा कार्यक्रम मी चार वेळा पाहिला. खालच्या मजल्यावरची शिवणवाली तिचा फोन घेऊन वर येते आणि आम्ही दोघी पलंगावर बसून बघतो. तू चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतेस, एक हात कमरेवर ठेवतेस आणि ओरडतेस, "अहो, चष्मा कपाळावर आहे, कपाळ जागेवर आहे, आता डोकं कुठे ठेवलंत ते तुमचं तुम्ही बघा!" तिथे शिवणवालीने तोंडात धरलेल्या टाचण्या माझ्या चादरीवर सांडल्या. त्यातली एक अजून सापडलेली नाही, रोज झोपताना मी जपून वळते. आणि ते दुसरं, "माझ्या आजीला फोन कशाला हवाय, खिडकी उघडली तरी पोचतं!" अगं, एवढे लोक हसतात, खुर्च्यांवरून पुढे वाकून हसतात, आणि ते हसतायत कुणाला, तर मला! मी आयुष्यभर तळघरात चादरी धुतल्या. मला बघायला कुणी जिना उतरून आलं नव्हतं.

आणि आता तुझी आत्या सांगते की तू आजी बंद करणार. तू तिला तसं कळवलंस म्हणे, की यापुढे आजीचा भाग करणार नाही, म्हाताऱ्या माणसाचा आदर राखायला हवा. शिवाय त्या मोठ्या सिनेमात तुला गंभीर काम मिळालंय आणि दिग्दर्शकालाही नकला नकोत. सिनेमाचं ऐकून मी तर सगळ्या जिन्याला सांगून आले. पण आजी बंद करू नकोस. हे पत्र एवढ्याचसाठी आहे, बाकी सगळा फापटपसारा. आता फापटपसारा ऐक.

आत्याने तुला फोनवर झापलं, ते मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती, तिला वाटलं मला ऐकू येत नाही. "चारचौघांत माझ्या आईची शोभा करतेस, टाळ्या मिळतात म्हणून काय वाट्टेल ते?" असं म्हणाली. तिचा राग धरू नको. ती त्या दिवशी माझ्याबरोबर एका ठिकाणी जाऊन आली होती आणि तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढे सांगते.

टिंगल कशाला म्हणतात ते मी तुझ्यापायीच शिकले, आणि फार वाईट रीतीने शिकले. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची. तुझ्या बापाने तुला आमच्या दारात सोडलं, हातात एक पिशवी आणि पायात दोन वेगळे मोजे. पुढचे दोन महिने तू माझ्या पाठीपाठी फिरायचीस आणि मी जे बोलेन ते तसंच्या तसं पुटपुटायचीस. मी म्हटलं "झाकण कुठे गेलं", की मागून "झाकण कुठे गेलं". मी खोकले की तू खोकायचीस. एके दिवशी मी कामावरून आले, पाय भरून आलेले, आणि तू माझ्यामागे माझंच कण्हणं काढलंस, अगदी हुबेहूब. मी वळले आणि तुझ्या थोबाडीत ठेवून दिली. म्हटलं, कार्टी माझी नक्कल करते! तू रडली नाहीस. माझ्याच आवाजात म्हणालीस, "बरं बरं, पुरे आता." मी तुला गप्प करताना म्हणायचे ना, तसं. आजोबांनी हातातलं दुरुस्तीचं घड्याळ खाली ठेवलं, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि मला म्हणाले, "अगं, आईचा आवाज विसरत चाललीय ती. दुसरा एक पाठ करून ठेवतेय." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बसून राहिले. तुला हे आठवत नसेल. आठवत असेल तर तू ते कधी स्टेजवर आणलं नाहीस, एवढं मात्र मी पाहिलंय.

तेव्हा टिंगल कुठली आणि दुसरं काय, हे आता मला कुणी शिकवू नये. आत्यानेही नाही.

तुझा पहिला कार्यक्रम मला चांगला आठवतो. कॉफीच्या दुकानामागची खोली, अकरा माणसं, त्यातले दोन आम्ही, आणि एक जण नुसता पावसातून आत आलेला. तू सात मिनिटं बोललीस आणि एकटे आजोबा हसले, तेही चुकीच्या जागी. तू नंतर संडासात जाऊन आतून कडी लावून घेतलीस आणि मी दाराबाहेर उभी राहून ओरडले, "बाहेर ये, लोकांना जायचंय आत!" त्यावर खोलीतले सगळेच्या सगळे हसले. तू दार उघडलंस तेव्हा तुझं नाक लाल होतं, पण डोळ्यांत काहीतरी शिजत होतं. मग ती मालिका. तुला नर्सचं काम मिळालं म्हणून आम्ही तीन दिवस जेवण टीव्हीसमोर घेतलं. तू आलीस, "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय" म्हणालीस आणि गेलीस. आजोबा म्हणाले, पेशंटपेक्षा नर्सच जास्त शुद्धीवर दिसतेय. मग तो सिनेमा, ज्यात तुझं फक्त डोकं दिसलं, तेही मागून. मी तरी ओळखलं. तो भोवरा मी रोज विंचरलाय. किती वर्षं गं तू अशी दारं ठोठावलीस! आणि उघडलं कुठलं, तर माझ्या ओरडण्याचं.

मी ओरडते का, हे लोकांना तू कधी सांगितलं नाहीस. सांगायला हवं असं नाही, पण तुला तरी माहीत असू दे. हॉटेलच्या तळघरातली ती लॉन्ड्री. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसरीकडे इस्त्रीचे तापलेले रूळ. चादरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं समोरचीने, आणि दोघींनी मिळून ती रुळाखाली सरकवायची. वेळेवर हात काढला नाही तर बोटं गेलीच. म्हणून "सोड!" असं ओरडायचं, यंत्रांच्या वर जाईल असं. मी हळू बोलले तर समोरचीचा हात भाजायचा. सव्वीस वर्षांत माझ्यासमोरच्या एकीचाही भाजला नाही. घरी आले तरी आवाज तोच राहिला. मग कशाला खाली आणायचा? पुढे आजोबांचे डोळे गेले. तेव्हापासून ते घरात चालतात ते माझ्या ओरडण्यावरच. "उजवीकडे, उजवीकडे म्हटलं ना!", "उंबऱ्याला काय लाथ मारता, त्याने काय केलंय तुमचं?" असं. चार वर्षं झाली, एकदाही पडले नाहीत. डॉक्टरांनी दिलेली काठी छत्र्यांमध्ये उभी आहे.

आता फोन का केला नाही ते. थंडीपासून माझा घसा बसत चालला होता. मी म्हणायचे, गार पाण्याने बसलाय. तुझे फोन आत्याकडे द्यायचे, किंवा हूं हूं करून ठेवायचे, तुला वाटलं म्हातारी रुसलीय. रुसले नव्हते गं. आत्याने धरून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. घशात नळी घालून पाहिलं, बाहेर आली, कागदावर माझ्या गळ्याचं चित्र काढलं आणि त्यातला एक भाग पेनाने काळा केला. येत्या मंगळवारी तेवढा भाग काढून टाकणार. जिवाला धोका कमी, म्हणाली, पण मानेला एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, आणि आवाज परत येणार नाही. आत्या रडायला लागली. तिला गप्प करायला माझा घसा तरी कुठे होता! तेवढ्यात बाईने माझं नाव पुन्हा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही त्या कार्यक्रमवालीच्या आजी का? ती कपाळावरच्या चष्म्यावाली?" मी मान हलवली. तर त्या पोरीने तिथे, तिच्या टेबलाशी बसून, मला माझंच ओरडणं करून दाखवलं. वाईट केलं, तुझ्या पासंगाला पुरणार नाही. पण मी हसले. आत्याने मात्र कान झाकून घेतले. घरी येऊन तिने तुला फोन लावला, तो हाच दिवस. तुझ्या तोंडून माझा आवाज ऐकणं तिला सोसेना, आणि कारण सांगायला मीच बंदी केली होती. तुझ्या मोठ्या कामाची पहिलीच वेळ, तुझं लक्ष उडायला नको म्हणून. ती चूक माझी.

हे सगळं मी मंगळवारनंतरच कळवणार होते. पण परवा सकाळी आजोबा स्वयंपाकघरात येत होते आणि मी त्यांना म्हटलं, "थांबा, खाली सांडलंय." म्हटलं म्हणजे घशातून चाकावर खडे फिरावेत तसं काहीतरी निघालं, आजवर कधी न निघालेलं. ते जागच्या जागी थांबले, भिंतीला हात लावला आणि एकदम सभ्यपणे विचारलं, "कोण आहे?" एक्कावन्न वर्षांनी, बाई, "कोण आहे?" मी जाऊन त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना कळलं. दोघंही तिथेच ओल्यात उभे राहिलो. माझे फोटो आहेत घरात, पण त्यांना त्यांचा काय उपयोग? माझा आवाज धरून ठेवावा असं कधी कुणाला वाटलं नाही, इतका तो आयता पडलेला होता. आता तो फक्त तुझ्याकडे आहे. म्हणून शनिवारी ये. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते सांग, दोन दिवसांचं काम आहे. रोजची वाक्यं मी कागदावर लिहून ठेवतेय. ती तू फोनमध्ये बोलून ठेव, शिवणवाली म्हणते, मी बोट लावलं की एकेक लागेल. आजोबांना सगळं सांगितलंय, त्यांना फसवायचं नाहीये. आधी म्हणाले, बरं झालं, हिला एकदाचं बंद करायचं बटण मिळालं. मग म्हणाले, "पोरीला सांग, आदरबिदर नको. गोड बोलली तर मला वाटेल, घरात परकी बाई आलीय." तेव्हा भोंगूबाई, हळू आवाजात, जपून, आजारी माणसाशी बोलतात तसं एकही वाक्य बोलू नकोस. पोटातून ओरड. रागावूनच बोल.

तुझीच,
आजी