टाकी कोरडी हाये

भोकरदन,
मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १८६४

चि. कडूबास,

थोरला भाऊ रखमाजी याचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. निम्म्या ओळींवर काळी शाई फासलेली, त्यामुळं तू इराकात हायेस का इराणात, ते अजून कळलं न्हाई. पण तब्येत बरी हाये आणि फौजेची लॉरी चालवून राह्यलास, एवढं वाचता आलं. इकडं ज्वारी बरी हाये. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीनं धरलाय. घरी सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाये, म्हणून लिहितो.

एक ओळ मात्र पत्रं तपासणाऱ्या साहेबांनी पुसली न्हाई. ‘दादा, इकडं आम्ही हातसुद्धा पेट्रोलनं धुतो.’ ती मी चारदा वाचली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. राग आला, खोटं कशाला बोलू? इथं गॅलनभर पेट्रोलासाठी माणूस माणसाला वळखंना आणि तिथं तुम्ही हात धुता!

तू गेलास तेव्हा नुसता भाव वाढला व्हता. लढाईआधी गॅलनला सव्वा रुपया देऊन कुरकुरत व्हतो, आठवतंय? मंग दोन झाला. मंग कुपनं आली. महिन्याची कुपनं मिळतेत ती दहा-बारा दिवसांत सरतेत, पुढं आपली भाड्याची मोटार लिंबाखाली उभी. यंदा उन्हाळ्यात ब्रह्मदेश पडला, तिथल्या तेलाच्या विहिरी गेल्या म्हणं, तवापासून कुपन असून पंपावर तेल न्हाई. चोरून घ्यावं तर गॅलनला पाच. ब्रह्मदेश कुठं हाये ते मला माहीत न्हाई. पण तिथं विहीर पेटली आणि इथं माझी चूल विझली, एवढं कळतं.

आणि बोलणी खायची ती आपण. भाडं वाढवलं की प्रवासी अंगावर येतेत. राजूरची एक म्हातारी वांग्याची पाटी घेऊन बसायची. म्हणली, “भांडण जर्मनाचं अन् इंग्रजाचं. माझ्या पाटीचं भाडं तू का वाढवलं रे मुडद्या?” काय सांगू तिला? मी म्हणलं, “मावशी, उतर खाली.” ती उतरली. आता चालत जाते, अन् मला बघितलं की थुंकते.

गयासोद्दीननं आपल्या मोटारीला मागं कोळशाची भट्टी बसवली. भोकरदन-जालना रस्त्यावर तीच एक कोळशाची मोटार. सकाळी तासभर भाता मारावा लागतो तेव्हा गॅस धरतो. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायची. धूर असा, की जालन्याला उतरणारा माणूस बायकोला वळखू येत न्हाई. आम्ही सगळे ड्रायव्हर हसायचो त्याला. सगळ्यांत जास्त मी हसायचो. ‘गयासभाई, भटारखाना कुठं निघाला?’ म्हणायचो.

तू पत्रात लिहिलंस, ‘सगुणा आणि मी अजून न बघितलेली माझी गोजर तुझ्या भरवशावर हायेत, म्हणून मला इथं झोप लागते.’ ते वाक्य मला वाचवेना. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहून राह्यलो, आणि अजून म्हातारीची वांगी सांगून राह्यलो. बस झालं. सांगतो.

आधी हे ऐक, पोरगी जिवंत हाये. बरी हाये. घाबरू नको.

तुळशीचं लगीन झाल्यावर आठ दिवसांनी गोजरला ताप आला. दुसऱ्या दिवशी गिळता येईना. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायला वैद्यानं तोंड उघडून बघितलं तर घशात पांढरी बुरशी चढलेली. म्हणला, “घटसर्प हाये. माझ्याकडं याला औषध न्हाई. दुपारच्या आत जालन्याच्या दवाखान्यात न्या, घसा बंद होऊन राह्यला.”

आता जे लिहितो ते मी तुझ्या वहिनीशिवाय बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

मोटारीच्या टाकीत त्या दिवशी पेट्रोल व्हतं. आदल्या दिवशीच एक भरलेला डबा ओतला व्हता. बद्रीनाथशेठच्या पोरीचं लगीन जालन्याला व्हतं, त्यांचं वऱ्हाड त्याच सकाळी न्यायचं मी कबूल केलं व्हतं. चोरभावानं पेट्रोल घेऊनसुद्धा तिपटीनं पैसे सुटणार व्हते. सहा महिन्यांत पहिली बरी फेरी. त्या एका फेरीसाठी मी महिनाभर झुरलो व्हतो.

सगुणा दारात आली. तुला ठाऊक हाये, ती माझ्याशी कधी बोलली न्हाई. भासऱ्यासमोर पदर ओढायचा आणि जे काय असंल ते तुझ्या वहिनीकडून सांगायचं. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पदर नव्हता. पोरगी खांद्यावर, गळ्यातून सूं सूं आवाज. सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणली, “दादा, मोटार काढा.”

मी म्हणलं, “टाकी कोरडी हाये.”

एवढंच म्हणलं. तीन शब्द. तिनं एकदा मोटारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. दुसऱ्यांदा विचारलं न्हाई. विचारलं असतं तर मी काढली असती असं मला पुष्कळदा वाटतं, पण ते आता वाटून काय उपयोग? ती शेजारच्या पुंजारामच्या घरी गेली. त्यानं लगेच बैल जुंपले. बत्तीस मैल, कडूबा. बैलगाडीनं बत्तीस मैल, आणि वैद्यानं दुपार सांगितली व्हती.

मी मनाला काय समजावलं तेही सांगतो. म्हणलं, वऱ्हाड सोडतो, उरलेल्या पेट्रोलावर उलटा फिरतो, वाटंत गाडी गाठून पोरीला उचलतो. शेठची फेरीबी होईल, पोरगीबी पोचंल. बराबर जमंल. असं म्हणून मी तोंड धुतलं, चहा प्यालो आणि शेठच्या वाड्याकडं मोटार नेली. वऱ्हाडाला निघायला दहा वाजले. बाया दागिने घालीत व्हत्या. मी हॉर्न वाजवीत बसलो. मला वाटतं, आख्ख्या भोकरदनला तो हॉर्न ऐकू गेला असंल.

राजूर मागं पडल्यावर गाडी दिसली.

पुंजाराम बैलांना मारून राह्यला व्हता, बैलांच्या तोंडाला फेस. मागून मोटार येते म्हणून सगुणा गाडीत उभी राह्यली आणि हात केला. कोणाची मोटार ते तिला धुळीत दिसलं नव्हतं. कोणाचीबी असो, थांबावी म्हणून हात केला व्हता तिनं. मंग मी जवळ आलो आणि तिनं हात खाली घेतला.

शेठ माझ्या बाजूला बसले व्हते. म्हणले, “रखमाजी, ती बाई काही म्हणून राह्यली. लेकरू दिसतंय तिच्याजवळ.”

मी म्हणलं, “रोजचंच हाये, शेठ. जागा कुठं हाये आपल्याकडं?”

आणि मोटार पुढं काढली.

कडूबा, मी पत्र इथं दोन दिवस सोडून दिलं व्हतं. पुढं लिहायचं धाडस व्हत नव्हतं. आज बसलो.

जालन्यात वऱ्हाड उतरवलं. शेठनं पैसे द्यायला पाकीट काढलं तर मी म्हणलं नंतर घेतो, आणि फिरलो. गावाबाहेर चार मैल आलो, आणि चढाला मोटारीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. टाकी खरंच कोरडी झाली व्हती. भरल्या मोटारीनं जास्त खाल्लं व्हतं. मी खाली उतरून रस्त्यात उभा राह्यलो. येणारा-जाणारा कोणी न्हाई. अर्धा तास गेला असंल, न्हाईतर जास्त. मी मोटारीला लाथा घातल्या. लढाईला शिव्या दिल्या, ब्रह्मदेशाला दिल्या, कुपनं छापणाऱ्याला दिल्या. शिव्या संपल्या तेव्हा माथ्यापलीकडं धूर दिसला, तिकडं पळालो.

गयासोद्दीनची मोटार व्हती. चढावर अडली व्हती आणि पंधरावीस माणसं खाली उतरून ढकलून राह्यली व्हती. दोन-तीन म्हाताऱ्याबी ढकलीत व्हत्या. पुंजाराम त्यांच्यात व्हता, त्यानं बैल वाटंतल्या एका वस्तीवर बांधले व्हते. आत सगुणा एकटी बसलेली, काळी पडलेली धुरानं, आणि पोरीचा श्वास बाहेरून ऐकू येत व्हता.

गयासभाई मला बघून ओरडला, “रखमाजी! देखता क्या है? हात लगा!”

मी हात लावला. सगळ्यांसंगं मागून ढकललं. भट्टीला हात भाजला, अजून डाग हाये. मोटार माथ्याला लागली तेव्हा त्यानं सीटाखालून एक बाटली काढली. कोळशाची मोटार सुरू करायला घोटभर पेट्रोल लागतं, महिन्याचं तेवढंच असतं त्याच्याकडं. ती सगळी बाटली त्यानं ओतली आणि म्हणला, “अब जल्दी जाएगी.” आणि मोटार नेली. मी चालत मागून गेलो.

मी दवाखान्यात पोचलो तवर डॉक्टरीण बाईंनी घशाला बाहेरून भोक पाडून नळी घातली व्हती. म्हणल्या, “सकाळीच का न्हाई आणलं?” सगुणा माझ्याकडं न बघता म्हणली, “पेट्रोल मिळालं न्हाई.” डॉक्टरीण बाईंनी मान हलवली. सध्या सगळेच तसं सांगतेत, त्यांना ते खरं वाटलं.

त्या दिवसापासून ती हेच सांगती. पुंजारामनं मोटार डोळ्यांनी बघितली व्हती, त्यालाही तिनं गप्प केलं. बाहेर बाकावर गयासभाईनं मला बिडी दिली आणि पाठीवर हात ठेवला. “तेरी क्या गलती, भाई? लडाई ने सबको मारा.” मी ती बिडी ओढली.

बारा दिवसांनी नळी निघाली. आवाज थोडा बसलाय, भरून येईल म्हणल्या. सगुणा तिथूनच माहेरी गेली, कुंभार पिंपळगावला. मी भेटायला गेल्तो. तिच्या बापाला, काकासाहेबांना, तिनं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला पाटावर बसवून जेवू घातलं. म्हणले, “तुमच्यासारखा भासरा हाये म्हणून पोरीची काळजी न्हाई.” मी हातातला घास ताटात ठेवला. सगुणा आतून बाहेर आली न्हाई. गोजर आली. माझ्या धोतराला धरून उभी राह्यली, आणि घोगऱ्या आवाजात मोठ्ठं हसली. मला तिथं बसवलं न्हाई.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, ती रडंल, शिव्या घालंल. ती म्हणली, “मला सांगून मोकळे नका होऊ. ज्याची पोरगी हाये त्याला सांगा.”

मंग शेठकडं गेलो. ते भाड्याचे पैसे घेऊन बसले व्हते. मी म्हणलं, पैसे नकोत, आणि ती गाडीतली बाई कोण व्हती ते सांगितलं. शेठ म्हणले, “अरे, मला सांगायचं व्हतंस. आम्ही सगळे उतरलो असतो रे.” कडूबा, तेव्हा मला कळलं. दोन वर्सं मी लढाईला शिव्या दिल्या. त्या खोट्या नव्हत्या. भाव लढाईनंच वाढवला, कुपनं लढाईनंच आणली. पण त्या दिवशी टाकीत पेट्रोल व्हतं, मोटारीत उतरायला तयार माणसं व्हती, आणि लढाई तिथं नव्हतीच. तिथं मी एकटा व्हतो.

आणि अजून एक. ‘एका मोटारीवर दोघांचं भागत न्हाई’ असं मी तुला म्हणलं तेव्हा गोजर पोटात व्हती, सगुणाला पाचवा महिना, आणि तू चिडून भरतीला गेलास. तेव्हाबी मी पेट्रोलाचा भाव सांगितला व्हता. भागलं असतं रे. तंगीत भागलं असतं.

मोटारीची चावी काकासाहेबांकडं देऊन आलो. मोटार आता तुझी एकट्याची. इकायची, ठेवायची, तू बघ. मी तिला हात लावणार न्हाई. गयासभाईला परवा खरं सांगितलं. तो भाता मारून राह्यला व्हता. थांबला न्हाई, माझ्याकडं बघितलं न्हाई. भट्टी धरल्यावर म्हणला, “कोयला डालने को आदमी नहीं है. कल जल्दी आना.” तवापासून त्याच्याकडं जातो. राजूरपर्यंत तो रस्ता बघतो, मी भट्टी.

तू रागानं उत्तर लिहिलंस तरी चालंल, न्हाई लिहिलंस तरी चालंल. एकच सांगणं, जिवाला जप. लढाई संपंल तेव्हा परत येशील. जालन्याला गाडीतून उतरलास की सरळ पिंपळगावची वाट धर, भोकरदनला आधी येऊ नको. मी टेशनच्या फाटकाबाहेर उभा असंन. पुढं येणार न्हाई. सामानाला हात लावणार न्हाई. तू तसाच निघून गेलास तर मला समजंल.

हाक मारलीस, तर येईन.

रखमाजी