अण्णा, आत्याचं माळवद उतरवलं

प्रिय अण्णा,

शेवंता आत्याच्या घरावरची माती उतरवून झाली आणि काल भिंतीचं कामही संपलं. तुम्ही असता तर मी फोन केला असता, आणि तुम्ही "बरं" एवढंच म्हणून ठेवून दिला असता. आता सांगायला दुसरी सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. गेल्या महिन्यात नांदेडला भूकंपाचा धक्का बसला. सकाळची वेळ होती, मी कॉलेजला निघाले होते. आधी जमिनीखालून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग मांडणीतली भांडी वाजली. चार-पाच सेकंद असेल. गल्ली रस्त्यावर आली, दहा मिनिटं बोलली आणि परत घरात गेली. पडलं-झडलं काही नाही. मी मात्र तशीच दारात उभी राहिले. डोळ्यांसमोर आत्याचं जळकोटकडचं घर होतं. दगडमातीच्या भिंती, वर आडवे सागाचे सर आणि त्यावर हातभर पांढरी माती.

तुम्हाला आठवतं का, आपलं उदगीरचं घर तुम्ही स्वतःच्या हातांनी बांधत होतात आणि मी नुकतंच भूशास्त्र घेतलं होतं? दारं-खिडक्यांच्या वरून तुम्ही चारही भिंतींना सिमेंटचा अखंड पट्टा फिरवत होतात. मी पुस्तकातलं ऐकवलं. म्हटलं, दख्खन म्हणजे स्थिर भूभाग, प्लेटांच्या कडा इथून कितीतरी लांब, हे सगळं उगीच चाललंय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "किल्लारीला हे कुणी कळवलं नव्हतं वाटतं."

मी हसले होते. ते हसणं मला अजून टोचतं.

आता मीच मुलांना शिकवते. सांगते की आपला सगळा भूभाग उत्तरेला हिमालयाशी रेटा देतोय आणि तो ताण आतून इथपर्यंत पोचतो. आपल्या काळ्या दगडाच्या थरांखाली जुन्या भेगा आहेत. वरून त्या दिसत नाहीत. ताण साठतो आणि एखादी भेग सरकते. कोणती, कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. कडेपासून लांब असणं म्हणजे धक्के विरळ येणं, एवढंच. पण विरळ येतात म्हणून माणसं विसरतात, आणि पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा आणखी एक थर चढवतात. हा शेवटचा भाग मला पुस्तकात सापडला नाही. तो तुम्हाला माहीत होता.

धक्क्यानंतरच्या रविवारी मी आत्याकडे गेले. उत्तरेच्या भिंतीला पोट सुटलेलं होतं. तुमचा ओळंबा लावायचीही गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना कळत होतं. आत्या त्याच भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. नांदेडला चल म्हटलं, तर नको म्हणाली. निदान अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोप म्हटलं, तर त्यालाही नको. मग मी तुमचं नाव काढलं. तुम्ही असता तर हेच सांगितलं असतं, असं म्हटलं.

तुमचं आणि तिचं बोलणं का तुटलं होतं, हे आम्हा मुलांना कधी कुणी सांगितलं नाही. "घरावरून काहीतरी झालं" एवढंच कानावर होतं. माझ्या लग्नात ती आली, पंगतीत बसली, तुमच्याशी शब्द बोलली नाही. तुमच्या मातीलाही आली आणि शेवटच्या गाडीने परत गेली. मला वाटायचं, जमिनीच्या वाटणीचं काही असेल.

आत्याने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि सांगितलं.

"किल्लारीच्या अंगाला एका गावात तुझ्या बापानं घर बांधलं व्हतं. भूकंपाच्या चार वर्षं आधी. खबर आली तसा पहार घेऊन तिकडं पळाला. त्या घरातली चौघं दगडाखाली गेली. दगड उचलताना त्याला आपलीच भिंत वळखू आली."

ती पुढे म्हणाली, "हे घर बी त्याच्याच हातचं हाय. तिथून आला आन् म्हणला, आक्का, हे मोडू. मला वाटलं, भाऊ येऊन माझं नांदतं घर मोडा म्हणालाय. लई वंगाळ बोलले मी त्याला."

अण्णा, हे तुम्ही मला का सांगितलं नाही? पट्ट्यावरून मी तुमची थट्टा केली, त्या दिवशी तरी सांगायचं होतं. मी गप्प बसले असते. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल.

त्या संध्याकाळी आत्याने तिची खाट स्वतःच ओढून शेडमध्ये नेली. सोमवारी गावातला गवंडी बोलावला. माणसं माळवदावर चढली, पाट्यांनी माती खाली येऊ लागली. अंगणात ढीग झाला, तरी संपेना. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आत्या इतकी वर्षं झोपली होती. आठव्या दिवशी सर मोकळे झाले. आता वर पत्रे येतील.

मग उत्तरेची भिंत उघडली. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडी आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा एकही लांब दगड नाही. गवंडी म्हणाला, पूर्वी सगळे असंच बांधायचे, तुम्हीही तसंच शिकला होतात. ते खरंच आहे. तरी मी त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले. आता ती नव्याने रचताना थोड्या-थोड्या अंतरावर आरपार दगड घातले आहेत आणि वरून पट्टा ओतला आहे. गवंड्याला ते येत होतं. कुणाकडून शिकला, असं विचारलं, तर तुमचं नाव घेतलं.

धक्का पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही. आत्याच्या हयातीत कदाचित येणारही नाही. कामाचं चीज झालं की नाही, हे कधी कळणारच नाही. पण किल्लारीनंतरची सगळी वर्षं तुम्ही असलंच काम केलंत ना?

काल भिंतीचं काम संपल्यावर आत्याला मी एक विचारलं. किल्लारीच्या आधी तुम्ही आणखी कुठे-कुठे घरं बांधलीत? तिने बोटं मोजत सांगितलं, मी लिहून घेतलं. बिलोलीकडे दोन, हिमायतनगरला एक, निलंग्याच्या बाजूला तीन. आणखी आठवतील म्हणाली.

अण्णा, त्या प्रत्येक दारात मी जाईन. आधी सांगीन की हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय. मग आत येऊन भिंत बघू का, असं विचारीन.

तुमची,
कल्पना