गोऱ्या नर्सची शोकसभा

ओवे, ता. पनवेल
रविवार, संध्याकाळ

ती. मामांना रंजिताचा वाकून नमस्कार.

तुमची साखर आता कशी आहे? मामींचे गुडघे? आईने विचारलं आहे, मीही मनापासून विचारते. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात. मी तितकी ठीक नाही. फोनवर सांगायला गेले तर रडू येईल आणि आई फोन काढून घेईल, म्हणून लिहिते.

मी रविवारी दुपारी समाजमंदिरात हॉलिवूडचे १९४०च्या दशकातले सिनेमे दाखवते, हे तुमच्या कानावर आलं असेलच ("रंजिताला काय झालंय?" या रूपात). गाजलेले नाही, गाजलेल्यांना माझी गरज नाही. जे तेव्हाही कुणी नीट पाहिले नाहीत, थेटरातून लगेच उतरले आणि डब्यात पडून राहिले, ते. कॉलेजात असताना त्यांतला एक मोबाइलवर पाहिला आणि वाटलं, इतक्या मनापासून केलेलं काम असं वाया कसं जाऊ द्यायचं? घरातली पहिली पदवी काही फक्त तळोज्याच्या कंपनीत हजेरी लावायला घेतली नाही. (बाबांचं मत वेगळं आहे.) पडद्याशेजारी उभी राहून पात्रांचं बोलणं मी मराठीत सांगते. पहिल्या रविवारी आई आली आणि वाल सोलत बसली. दुसऱ्या रविवारी वाल संपले होते.

मग समाजमंदिराचे अध्यक्ष तुळशीरामशेठ म्हणाले, "बाय, मानसा नाय आली तं हॉल जिमला दिला समज." जिमवाल्यांनी आरसेसुद्धा आणून भिंतीला टेकवले होते. म्हणून मी नाक्यावर फ्लेक्स लावला. मध्ये नायिकेचा मोठा कृष्णधवल फोटो, डोक्याला रुमाल, नजर दूर कुठेतरी. खाली लिहिलं, "विस्मृतीत गेलेल्यांना पुन्हा भेटू या. समाजमंदिर, रविवार, दुपारी चार." मला ते फार सुंदर वाटलं होतं. आपल्या नाक्यावर रंगीत फोटो वाढदिवसाचा आणि काळापांढरा फोटो कशाचा, हे मला, इथेच जन्मलेल्या मुलीला, सुचू नये!

त्या रविवारी हॉल भरला. बायका पांढऱ्या साड्यांत, हातात दुःखाच्या घरी नेतात तशा चहासाखरेच्या पिशव्या. पुरुष मागे हात बांधून उभे. शेजारच्या सत्यवतीकाकींनी फोटो ओळखलाही होता. ही पूर्वीच्या दवाखान्यातली गोरी नर्स. "माझा प्रणित हिच्याच हातावर झाला गं," म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग त्यांचं सांत्वन करायला ओळ लागली. (प्रणित मागे मोबाइल बघत होता, त्यालाही दोघांनी जवळ घेतलं.) मी सांगायला तोंड उघडलं, पण रिकाम्या खुर्च्या दोन रविवार पाहिलेल्या माणसाला भरलेल्या खुर्च्यांपुढे खरं बोलणं फार जड जातं. मी सिनेमा लावला.

मामा, असे प्रेक्षक त्या सिनेमाला अमेरिकेतही मिळाले नसतील. नायिकेचा नवरा बोटीवर गेला तो परतत नाही, आणि पुढे कळतं की दुसऱ्या बंदरात त्याचं दुसरं घर आहे. मी मराठीत सांगत होते, आणि सत्यवतीकाकी ओरडल्या, "मेल्यानं आमच्या बाईला फसवला!" शेवटी ती एकटीच धक्क्यावर उभी राहते, तेव्हा मागचे पुरुषही नाक पुसत होते.

दिवे लावल्यावर मात्र मी सगळं खरं सांगितलं. नर्स नाही, नटी. शोकसभा नाही, सिनेमा.

"मंग आमी रडलो कुनासाठी?" काकींनी विचारलं.

"हिच्यासाठीच," मी म्हटलं. "हिच्यासाठी आजवर कुणी रडलंच नव्हतं."

काकींनी चहासाखरेची पिशवी परत उचलली. तुळशीरामशेठ मात्र खूश होते. जाताना म्हणाले, "गर्दी झकास झाली. पुढच्या टायमाला कोन हाय?"

आज मी तत्त्वाने वागले. रंगीत फ्लेक्स, ठळक अक्षरांत "सिनेमा", शिवाय चहा फुकट. कुणीही आलं नाही. चहा मी आणि आईने प्यायला. आरसे आता सरळ उभे केले आहेत, त्यामुळे रिकाम्या खुर्च्या दुप्पट दिसतात. पुढचा रविवार शेवटचा. लोकांना रडायला आवडतं मामा, पण कुणीतरी ओळखीचं लागतं, एवढंच मी शिकले.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
रंजिता

ता. क. पत्राचं कारण राहूनच गेलं. तुमचा लग्नाआधीचा कोटातला कृष्णधवल फोटो मामींच्या कपाटात आहे, तो लगेच पाठवा. मी फ्लेक्सवर खोटं एक अक्षरही लिहिणार नाही. फक्त तुमचं नाव, रविवारची वेळ आणि "सप्रेम आठवण". आठवण जिवंत माणसाचीही काढता येते. मात्र तोवर तुम्ही पनवेलच्या बाजूला फिरकू नका, आणि फोन आला तर मामींनी उचलू नये. त्यांना हसू आवरत नाही.

ता. क. २. आईला आत्ताच सांगितलं. आधी खूप चिडली, मग म्हणाली, "दादाचा फोटू मोठा छाप." सिनेमाही तुमचा विचार करूनच निवडला आहे. एक म्हातारा रेल्वेवाला आहे, सगळ्या गावाशी भांडतो आणि सगळ्यांसाठी धावतो. तुम्हाला फार आवडला असता.