नऊ दिवस देवीपाशी

सांतो दोमिंगो, १२ डिसेंबर

ती. मिर्ताताईस,
सा. न. वि. वि.

फोन तू स्पीकरवर टाकतेस आणि आई शब्द न् शब्द ऐकते, म्हणून बसवाल्या फेल्योच्या हाती ही चिठ्ठी. सोबत एकतीस हजार पेसो आहेत. आईला सांग, टायरच्या दुकानात मालकाने बोनस दिला.

खरं तुला एकटीला सांगतो. ऑनलाइन पैज लागली. बेसबॉलचे पाच सामने, पाचही जिंकायला हवे होते. शेवटच्यात आपला संघ पुढे असताना सहाव्या डावात मैदानावरची वीज गेली आणि मंडळी घरी गेली. तासाभरात पैसे खात्यात हजर!

सोळा तारखेला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून टाक. परवा तिने फोटोतल्या मला, या दाढीमुळे, मामा समजून आशीर्वाद दिला, ते अजून टोचतंय. शिव्या घाल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
नेरेओ

सांतो दोमिंगो, १९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं 'सगळं ठीक' म्हणालीस. आईला दिसायला लागलं ना? तेवढ्यावर मी पुढचं सोसेन.

तो सामना संपलाच नव्हता. उरलेले डाव काल खेळले आणि आपण हरलो. पैजेच्या कंपनीने चुकून सामना संपल्याचं धरलं होतं. आता पैसे परत मागतायत. ताई, सामना अर्धवट राहिलाय हे मला पैसे काढतानाच माहीत होतं. चूक त्यांची, पण लबाडी माझी.

मोटरसायकल विकतो. नाताळला घरी येणं मग जमणार नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या डोळ्यांची गोष्ट आहे.

तुझा अपराधी,
नेरेओ

कोन्स्तान्सा, २१ डिसेंबर

चि. नेरेओ यास अनेक आशीर्वाद.

गाडी विकू नकोस, गाढवा. पैसे फेल्योकडे परत दिलेत, तुझ्याच रबरबँडमध्ये.

आपल्या घरची रीत विसरलास. आयता आलेला पैसा नऊ दिवस देवीच्या तसबिरीखाली ठेवायचा, धनी शोधत आला तर सापडावा म्हणून. बोनसचं नाव काढताच आई हसली. तुझा मालक नाताळला संत्रं देताना रडतो, हे तिला ठाऊक आहे. तिने लिफाफा चाचपत उचलला, तसबिरीखाली सरकवला आणि मेणबत्ती लावली. मी भांडले, रडले, पण सोळा तारीख गेली ती गेलीच. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

काल तुझी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. तू नको म्हणाला होतास, तरी दाखवली. तिने लिफाफा तसबिरीखालून काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "ज्याचं त्याला जाऊ दे. पोराने खरं लिहिलं, ते मला डोळ्यांवाचून दिसलं."

मला मात्र राग आहे, तुझा नि तिचाही. रोज चुलीपाशी तिचा हात भाजतो आणि मलम मी लावते. पण मार्चमध्ये आपल्या शेतातला लसूण निघेल, तो विकून फी देऊ म्हटल्यावर डॉक्टर थांबायला तयार आहेत. तारीख वीस मार्च घेतली आहे.

पैसे पाठवू नकोस. नाताळला ये, आणि मार्चलाही ये. पट्टी सोडतील तेव्हा समोर तूच उभा राहायला हवास, असं तिने डॉक्टरांना आत्ताच बजावून ठेवलंय. यावेळी मामा म्हणणार नाही म्हणते.

येताना दाढी करून ये.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझीच,
मिर्ताताई