शितांसाठी बशी

शनिवार, संध्याकाळ. डिली, तिमोर.

डार्विनहून इथे यायला तासाभराचं विमान, तरी मोहन असताना मी एकदाही आले नाही. साइटवर आला की तो याच स्वस्तातल्या हॉटेलात उतरायचा. तो गेल्यावर इथेच राहिलेली त्याची बॅग न्यायला आलेय. एसी गळतोय, खाली बादली.

जेवायला बसले तर मालकीणबाईंनी ताटाशेजारी एक रिकामी बशी ठेवली. कशाला, विचारलं. म्हणाल्या, "तुमचा नवरा आधी ताटाभोवती पाणी फिरवायचा आणि थोडा भात बाहेर काढायचा. मुंग्या यायच्या, म्हणून मी बशी द्यायला लागले."

मोहन? चित्राहुती? सासरे घालायचे तेव्हा हाच हसायचा. डार्विनला तर टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचा. मग इथे, एकटा असताना, कशाला? माझ्यासमोर लाज वाटायची? राग आला, खरं सांगायचं तर. एवढ्या वर्षांत मला जे दिसलं नाही, ते या बाईला रोज दिसत होतं.

बॅग अजून उघडली नाही. पण ती बशी रिकामी परत देववेना. पाणी फिरवलं, चार शितं ठेवली. मंत्र येत नाहीत. त्याचं नाव घेतलं आणि जेवले.